तलाव किती खोल असावा?

उन्हाळ्यात ग्रामसभेत मामा तलावाचा विषय निघतो आणि एकच मागणी होते, जेसीबी लावा, तलाव खोल करा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे ६ हजारांहून जास्त मालगुजारी तलाव आहेत. त्यांत पाणी साठवायचे मार्ग अनेक आहेत, पण प्रत्येक मार्गाने तलाव जिवंत राहतोच असं नाही.

आधी हिशेब करू. एक हेक्टर जागेत एक मीटर पाणी उभं राहिलं तर ते १ कोटी लिटर भरतं. उन्हामुळे त्यातलं एक सेंटीमीटर पाणी उडालं, की १ लाख लिटर गेलं. तेवढंच १ कोटी लिटर पाणी तीन मीटर खोल खड्ड्यात ठेवलं, तर जागा तिसरा हिस्सा लागते आणि उडणारं पाणीही साधारण तिसरा हिस्साच. म्हणजे खोल करा म्हणणाऱ्यांचं गणित बरोबर आहे.

पण त्या खड्ड्यात मासोळी कुठे वाढणार? चिला, चौरा या पाण्याखालच्या वनस्पतींना उजेड लागतो. गाद आणि देवधान तर काठच्या उथळ पाण्यातच उगवतात. मरळ याच गवताच्या आडोशाला घरटं करून अंडी घालते. पाणपक्षी उथळात चरतात. उभ्या कडांचा खोल खड्डा केला की हे सगळं जातं. विकतचं बीज टाकून रोहू, कतला मिळेल, पण दरवर्षी बीज विकत घ्यावं लागेल. गावठी मासोळी फुकट वाढत होती, आणि ती पकडणाऱ्या ढिवर बायांच्या घरी रोजची भाजी त्यातूनच होत होती.

मग शेततळं? ३० बाय ३० मीटरचं, तीन मीटर खोल शेततळं धरलं, तर उताराच्या कडा वजा जाता त्यात सुमारे २० लाख लिटर पाणी मावतं. एका शेतकऱ्याला धानाच्या शेवटच्या पाण्यासाठी ते मोलाचं आहे. मात्र प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यातून पाणी जमिनीत मुरत नाही, काठावर गवत उगवत नाही, आणि निसरड्या कडांमुळे पडलेल्या लेकराला किंवा वासराला वर येता येत नाही. त्याला कुंपण हवंच. शेततळं ज्याच्या शेतात, त्याचं. तलावाची जागा ते घेऊ शकत नाही.

तिसरा मार्ग सलंग उंच करण्याचा. खर्च कमी, पाणी जास्त. पण पाणी मागच्या बांध्यांमध्ये चढतं, तिथे भांडणं होतात, आणि पाळ कमजोर असेल तर धोका वाढतो. पाळ आणि तुडुम दुरुस्त केल्याशिवाय सलंगाला हात लावू देऊ नये, असं माझं मत आहे.

मला पटतो तो मार्ग यापेक्षा किचकट आहे. जुन्या लोकांनी तलाव पाळीजवळ खोल आणि मागच्या बाजूला उथळ ठेवले होते, ते काही उगाच नव्हे. गाळ काढायचा तो पाळीच्या पायथ्यापासून अंतर सोडून, पोटातल्या खोल भागातून. तिथे उन्हाळाभर पाणी टिकेल आणि पुढच्या पावसासाठी मासोळीचं बेणं वाचेल. मागचा उतार तसाच ठेवायचा. वरच्या बाजूच्या बोड्या दुरुस्त केल्या तर गाळ तिथेच अडतो आणि तलावाचं आयुष्य वाढतं. बोडीचं काम कुणाच्या डोळ्यात भरत नाही, म्हणून ते मागे पडतं.

गाळ निघाला तरी गवत आपोआप परतेलच असं नाही, कारण बेशरमची झाडी जागा धरून बसलेली असते. अर्जुनी मोरगाव तालुक्यात काही गावांच्या बायांनी ती उपटली, पावसाआधी तळ नांगरला आणि चांगल्या तलावातून पाणवनस्पतींची रोपं आणून लावली. चिखलात उभं राहून केलेलं हे काम रोवणीसारखंच असतं, आपल्या हाताला सवयीचं. गवत रुजेपर्यंत त्या तलावात ग्रासकार्प सोडू नये, तो कोवळं गवत खाऊन टाकतो.

यंदा गाळाचा ठराव येईल तेव्हा गटातल्या चार-पाच जणी ग्रामसभेला जा. खोदाईची जागा चुन्याने आखून दाखवा म्हणा. किती खोल जाणार आणि कोणता काठ सोडणार, हे ठरावात लिहून घ्या. मशीन तलावात उतरल्यावर ड्रायव्हर आपलं ऐकत नाही, त्याला ठेकेदाराचा फोन आलेला असतो.