पोटापुरतं (लेखांक ४) : थाळीचं बिल

गेल्या आठवड्यात आपण रेशनच्या दुकानात होतो. अन्नसुरक्षा कायद्याचं माणशी ५ किलो धान्य, अंत्योदय कार्डावरचं ३५ किलो, १ जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. देशभरात सुमारे ८० कोटी लाभार्थी, त्यातले सुमारे ७ कोटी महाराष्ट्रात. एवढ्या मोठ्या व्यवस्थेत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली आहे. पिशवी घेऊन जाणाऱ्याच्या घरी चूल आहे, दळणाला पैसे आहेत, रांधणारं कुणीतरी आहे आणि रांधायला वेळही आहे.

आता ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्याचा विचार करू. सकाळी नाक्यावर मुकादमाची वाट बघत उभा असलेला बिगारी. परळला टाटा किंवा केईएमच्या आसपास फुटपाथवर पथारी टाकून बसलेले पेशंटचे नातेवाईक. तालुक्याच्या कोर्टात तारखेसाठी पहाटेच्या एसटीने आलेली म्हातारी. पुण्यात कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचा अभ्यास करणारा पोरगा. यांच्यातल्या बऱ्याच जणांचं रेशनकार्ड गावी असतं. कार्ड आता देशात कुठेही चालतं हे खरं, पण पाच किलो तांदूळ हातात आला तरी तो शिजवायचा कुठे? यांना धान्य देऊन उपयोग नाही, यांना जेवण लागतं.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईच्या गिरणगावात तो बायकांनी सोडवला होता. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार एका खोलीत अनेक जण मिळून राहत आणि खाणावळीत जेवत. खाणावळ चालवणारी बाई महिनाभर उधारीवर वाढायची, पगाराच्या दिवशी पैसे घ्यायची आणि मधल्या काळात सावकाराच्या दारात उभी राहायची. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते प्रामुख्याने या कर्जाच्या प्रश्नावर. पदार्थांच्या चवीची तक्रार कुणाचीच नव्हती, रोज बाजार करायला लागणारं भांडवल हीच अडचण होती. वाचकांनी हे लक्षात ठेवावं, पुढे उपयोगी पडेल.

त्याच सुमारास, १९७४ मध्ये, पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने 'कष्टाची भाकर' सुरू केली. ना नफा ना तोटा, जेवण साधं आणि पोटभर. पन्नास वर्षं होऊन गेली, ती चालू आहे.

सरकार या धंद्यात मोठ्या थाटात उतरलं ते १९९५ मध्ये. युती सरकारची एक रुपयात झुणका-भाकर. कल्पना लोकांच्या मनात लगेच बसली, कारण पदार्थ आपला होता आणि किंमत सांगायला सोपी होती. पण केंद्रासाठी मिळणारी जागा ही झुणक्यापेक्षा फार मोलाची होती. स्टेशनलगत, एसटी स्टँडजवळ, भर चौकात सरकारी जागेवर स्टॉल! एक रुपयाच्या भाकरीत सुटत नव्हतं, म्हणून शेजारी भजी आली, मग वडापाव आला. २००० मध्ये आघाडी सरकारने योजना बंद केली. भाकरी गेली, स्टॉल राहिले. पुढची कित्येक वर्षं पालिका, केंद्रचालक आणि कोर्ट यांच्यात त्या जागांवरून झगडा चालला. माझ्या मते झुणका-भाकर योजनेचं अपयश 'गरिबाला स्वस्त खायला घातलं' यात नव्हतं. चालवणाऱ्याचा फायदा भाकरीत न ठेवता जागेत ठेवला, यात होतं. मग भाकरी कोण कशाला थापेल?

२६ जानेवारी २०२० ला महाविकास आघाडी सरकारने शिवभोजन सुरू केलं, तेव्हा निदान हा धडा घेतलेला दिसतो. जागेचं आमिष नाही, थाळीमागे पैसे. ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण. जेवणाऱ्याने १० रुपये द्यायचे. थाळीची किंमत शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरलेली. म्हणजे वरचे ४० किंवा २५ रुपये सरकार केंद्रचालकाला देणार. जिल्हा रुग्णालय, बसस्थानक, रेल्वे स्टेशन, बाजारपेठ, सरकारी कचेऱ्या अशा ठिकाणी दुपारच्या वेळी केंद्र चालवायचं. दोन महिन्यांत टाळेबंदी लागली आणि योजनेचा खरा उपयोग सगळ्यांना दिसला. दर ५ रुपयांवर आला, केंद्रं तालुक्यापर्यंत गेली, २०२१ च्या एप्रिलमध्ये थाळी मोफत झाली आणि त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून पुन्हा १० रुपये.

आधी या ताटाची मर्यादा सांगून टाकतो. ढोबळ हिशेबाने या जेवणातून ५०० ते ६०० कॅलरी मिळतात. अंगमेहनतीचं जड काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे साडेतीन हजार लागतात, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं मानक सांगतं. म्हणजे गवंड्याच्या हाताखालच्या माणसाची एक षष्ठांश गरज. वरणाच्या वाटीत डाळ किती आणि पाणी किती, हा आणखी वेगळा विषय. तेव्हा या थाळीने कुपोषण हटेल असं कुणी भाषणात म्हणालं तर ऐकून सोडून द्यावं. ती एका दुपारची भूक भागवते आणि हॉटेलातल्या राईस प्लेटचे पैसे वाचवते. नाक्यावरच्या माणसाला काम न मिळालेल्या दिवशी हे थोडं नव्हे.

आता नेहमीचा आक्षेप. खायची सोय असलेले लोकही दहा रुपयांत जेवून जातात, मग करदात्याने पैसे का भरावेत?

जातात, काही जण जातात. पण रेशनकार्डाच्या यादीशी तुलना करून बघा. यादी करायची म्हणजे उत्पन्नाचा दाखला, तलाठी, आधार, नाव चढवणं, नाव कमी करणं. देशात शेवटची जनगणना झाली २०११ मध्ये आणि कोट्याचं गणित अजून त्यावरच बेतलेलं. त्यानंतर जन्मलेले, स्थलांतर केलेले अनेक गरजू बाहेर राहतात आणि परिस्थिती सुधारलेले आत राहतात. थाळीला यादीच लागत नाही. ठरलेलं साधं जेवण, रांग, बाकावर शेजारी कोण येईल याचा नेम नाही, वर केंद्राच्या ॲपवर फोटो काढून घ्यायचा. एवढं सोसून जो रोज येतो, त्याला गरज आहे असं मानायला हरकत नसावी. अर्थशास्त्रात याला स्वयंनिवड म्हणतात. आपल्या रोजगार हमीचं तत्त्वही तेच होतं. उन्हात खडी फोडायला धनिक येत नाही, म्हणून तिथे दाखला मागायची गरज नव्हती. चारचाकीतून उतरून शिवभोजन खाणारा एखादा सापडतो, त्याचा व्हिडिओ फिरतो. त्याच्यामागे तिजोरीचे चाळीस रुपये गेले, एवढंच.

दुसरा आक्षेप शेतावर आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये सारखाच ऐकू येतो: फुकट मिळालं की लोक कामाला येत नाहीत. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये सहा विकसनशील देशांतल्या सात रोख-मदत प्रयोगांची आकडेवारी एकत्र तपासली. मदत मिळाल्याने लोकांनी काम कमी केल्याचा पद्धतशीर पुरावा त्यांना आढळला नाही. तिथे तर रोख पैसे होते. इथे दोन चपात्या आहेत. दोन चपात्यांच्या जोरावर घरी बसणारा बिगारी मला तरी भेटलेला नाही.

आणि खर्च? दिवसाला २ लाख थाळ्या धरू, सरकारचा वाटा थाळीमागे सरासरी ३५ रुपये. दिवसाचे ७० लाख, वर्षाचे सुमारे २५० कोटी. राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७ लाख कोटींचा होता. शंभर रुपयांत साडेतीन पैसे. त्याच अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजनेसाठी ३६ हजार कोटींची तरतूद होती. ही योजना परवडत नाही, असं म्हणण्याआधी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

मग अडतं कुठे? बिलात.

शहरातलं दिवसाला १०० थाळ्यांचं केंद्र घ्या. चालकाच्या गल्ल्यात रोज येतात १,००० रुपये. सरकारकडे जमा होतात ४,०००. महिन्याला ही उधारी १ लाख २० हजार, तीन महिन्यांत ३ लाख ६० हजार. डाळ-तेलाचा दुकानदार, गॅस, भाजीवाली, पोळ्या लाटणाऱ्या बाया यांतलं कुणीही तीन महिने थांबत नाही. केंद्र चालवणारे बरेचदा छोटे खानावळवाले नाहीतर महिला बचत गट. २०२५ मध्ये अनेकांची बिलं महिनोन् महिने थकली, मोर्चे निघाले, निवेदनं दिली गेली. गिरणगावातली खाणावळवाली कामगाराची उधारी सोसायची. इथे उधारी सरकारची आहे आणि पगाराचा दिवस कोणता ते कुणालाच ठाऊक नाही.

पैसे अडकल्यावर माणूस काय करेल ते सांगायला तज्ज्ञ नको. वरण पातळ होतं. बारा-साडेबाराला 'संपलं' अशी पाटी लागते. आणि ज्याची नियत आधीच डळमळीत आहे तो ॲपवर तेच तेच चेहरे पुन्हा चढवतो. शंभराच्या दीडशे थाळ्या दाखवल्या तर निदान कधीतरी येणाऱ्या बिलात भर पडेल, हा हिशेब. बनावट फोटोंचे प्रकार उघडकीस आले, मग सीसीटीव्ही सक्तीचे झाले. ते योग्यच. पण सरकारने जेवणाऱ्याच्या तोंडावर कॅमेरा लावला, स्वतःच्या देयकावर तारखेचं बंधन मात्र घातलं नाही. सगळी चोरी थकीत बिलातून होते, असा माझा दावा नाही. कार्यकर्त्यांची सोय म्हणून केंद्रं वाटल्याचे आरोप पहिल्यापासून आहेत. पण पैसे उशिरा देण्याने चोर टिकतो आणि प्रामाणिक बचत गट आधी बाहेर पडतो, हे नक्की.

चेन्नईने दुसरा रस्ता धरला. तिथे मुख्यमंत्री जयललितांच्या काळात, फेब्रुवारी २०१३ मध्ये, महापालिकेनेच 'अम्मा उणवगम' काढली. एक रुपयात इडली, पाच रुपयांत सांबारभात, तीन रुपयांत दहीभात. स्वयंपाक बचत गटाच्या बायकांचा आणि त्यांना रोजाने मजुरी, सुरुवातीला दिवसाला ३०० रुपये. थाळीमागे पैसे नाहीत, त्यामुळे खोट्या थाळ्या दाखवून कुणाला काही मिळत नाही. दोष असा की शंभर इडल्या खपल्या काय आणि हजार खपल्या काय, रोज तोच. त्यामुळे काही ठिकाणी उत्साह ओसरला, दर्जाच्या तक्रारी आल्या, पालिकेचा तोटा वाढत गेला. तरी तिथलं स्वयंपाकघर बिलाची वाट बघत बंद पडत नाही. २०१५ च्या पुरात हीच उपाहारगृहं मोफत जेवण देत होती. दोन्ही पद्धतींत मला चेन्नईची थोडी बरी वाटते.

तिथला आणखी एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. २०२१ मध्ये द्रमुकने निवडणूक जिंकताच त्यांच्या कार्यकर्त्यांनी एका उपाहारगृहात घुसून जयललितांच्या फोटोचे फलक फाडले. पक्षप्रमुख स्टालिन यांनी त्यांच्यावर कारवाईचे आदेश दिले, आणि विरोधकांच्या नेत्याच्या नावासकट योजना चालू ठेवली. बाकी ठिकाणी काय झालं? आंध्रात २०१८ मध्ये सुरू झालेली अण्णा कॅन्टीन २०१९ च्या सत्तांतरानंतर बंद पडली आणि २०२४ मध्ये जुनं सरकार परतल्यावर पुन्हा उघडली. राजस्थानात अन्नपूर्णा रसोईची इंदिरा रसोई झाली, इंदिरा रसोईची पुन्हा श्री अन्नपूर्णा रसोई. आपल्याकडे झुणका-भाकर गेली ती सरकार बदललं तेव्हा. शिवभोजन बंद झालेलं नाही, पण बिलं थकवली की ते बंद केल्याची घोषणा करावीच लागत नाही.

तर ही योजना करावी का, या प्रश्नाला माझं उत्तर 'करावी' असं आहे, पण रेशनला पर्याय म्हणून नव्हे. कुटुंबाला धान्यच हवं. थाळी हवी ती रुग्णालय, स्टँड आणि मजूर नाका इथे. गावोगाव केंद्रं वाढवून आकडा फुगवण्याची गरज नाही, मोक्याच्या जागी ती संध्याकाळीही उघडी असायला हवीत. केंद्रचालकाला महिन्याच्या बिलापैकी निम्मी रक्कम आगाऊ द्यावी, उरलेली पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत, आणि उशीर झाला तर व्याजासकट. एवढं करायची तयारी नसेल तर सरकारने थाळीचं नाव काढू नये. दुसऱ्याच्या उधारीवर गरिबाला जेवू घालण्याचा अधिकार त्याला नाही.

तुमच्या गावात शिवभोजन केंद्र असेल तर या आठवड्यात एकदा बाराच्या सुमाराला तिथे जा. जेवू नका, चालवणाऱ्याला फक्त विचारा की शेवटचं बिल कोणत्या महिन्याचं मिळालं. उत्तर आमच्याकडे कळवा.

(पुढील लेखांकात : शाळेतली खिचडी आणि अंड्याचं राजकारण)