तांड्याची पाळेमुळे कशी शोधावी?

आपल्या वाशीम जिल्ह्यात बंजारा समाजाचे तांडे पुष्कळ आहेत. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी तर या समाजाचे मोठे तीर्थ. आज तांड्यात पक्की घरे आहेत, शाळा आहेत. पण पूर्वी तांडा म्हणजे चालते गाव होते. बैलांच्या पाठीवर धान्य नि मीठ लादायचे आणि मुलुखोमुलुख फिरायचे, हा त्यांचा धंदा. पुढे आगगाडी आली. १८६७ साली मुंबईची गाडी अकोल्यावरून नागपूरला पोचली. बैलावरचा माल गाडीत गेला, धंदा बसला. मग तांडे हळूहळू एका जागी वसले.

फिरत्या माणसाची नोंद कोण ठेवणार? हा प्रश्न साऱ्या जगात पडला. इंग्लंडात कालव्यांवर मालाच्या होड्या चालत. कुटुंबेच्या कुटुंबे होडीतच राहत. त्यांना गाव नव्हते. १८७७ साली तिथे कायदा झाला. राहत्या होडीची नोंद एका गावी करावी आणि मुलांच्या शाळेसाठी तेच त्यांचे गाव समजावे, असे ठरले. आज तिथले लोक ती जुनी रजिस्टरे पाहून आपले पूर्वज शोधतात.

आपल्याकडे हा शोध हौसेचा नाही, गरजेचा आहे. एकदा तांड्यातली एक मुलगी आमच्याकडे आली. तिला नर्सिंगला जायचे होते. जात पडताळणीसाठी जुना पुरावा हवा होता. ती म्हणाली, "मास्तर, आमचा आजा शाळेतच गेला नाही. त्याचा कागद कुठून आणू?"

विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ ही तारीख धरतात. त्याआधी घराणे या राज्यात राहत होते आणि जात कोणती होती, हे दाखवावे लागते. आम्ही तिला म्हटले, "बाई, आजा शाळेत गेला नसेल, पण त्याचा भाऊ?" तिने घरी विचारले. आज्याचा थोरला भाऊ शेजारच्या गावी दोन वर्षे शिकला होता. त्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात १९५६ सालची ओळ निघाली. जात लिहिली होती 'लमाण'. बापाकडच्या रक्ताच्या नातलगाचा पुरावा चालतो. तिचे काम झाले.

तुम्हीही असे करा.

पहिले, घरातल्या म्हाताऱ्यांपाशी बसा. आजा, पणजा, त्यांचे भाऊ, साऱ्यांची नावे लिहून वंशावळ मांडा. कोण कोणत्या गावी राहिला, तेही लिहा.

दुसरे, त्या गावांच्या शाळांत जुने रजिस्टर पाहा.

तिसरे, तहसील कचेरीत कोतवाल बुकाची नक्कल मागा. पूर्वी गावातला जन्म-मृत्यू त्यात लिहीत. बापाचे नाव नि जातही असे.

चौथे, शेत असेल तर जुने सातबारा नि फेरफार काढा. शेत कोणाकडून कोणाकडे आले, ते फेरफारात कळते.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. त्याआधी आपण अकोला जिल्ह्यात होतो. इथे कागद मिळाला नाही तर अकोल्याच्या कचेरीत विचारा.

नावात फरक असतो, त्याने घाबरू नका. कुठे बंजारा, कुठे लमाण, कुठे लभाण लिहिलेले सापडते. आडनाव पुष्कळदा नसतेच. जन्मतारीखही मास्तरांनी अंदाजाने लिहिलेली असते. म्हणून नाव, बापाचे नाव नि गाव, तिन्ही जुळवून पाहा. मात्र जुन्या कागदात स्वतः खाडाखोड करू नका. एक अक्षर बदलले तर खरा कागदही खोटा ठरतो.

आणि ज्याला वाचता येते, त्याने आपली ओळ आपणच शोधावी. त्या मुलीने रजिस्टरात चुलत आज्याचे नाव बोट ठेवून वाचले, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आले. आमच्याही आले.