सटनचा माळ: राजाच्या आधी आणि राजानंतर

इंग्लंडच्या सफोक काउंटीत डेबेन नदीच्या पूर्व काठावर सटन नावाचे छोटेसे पॅरिश आहे. जमीन वाळूची, हलकी आणि आम्लधर्मी. त्या माळावर अठराएक दफनटेकाडे आहेत आणि ‘सटन हू’ या नावाने ती आज जगाला ठाऊक आहेत. त्यांचा इतिहास बहुतेक वेळा 1939 च्या उन्हाळ्यापासून सांगितला जातो. जमिनीच्या मालकीणबाई एडिथ प्रेटी आणि शाळा लवकर सुटलेला, स्वतःच शिकून उत्खननात तरबेज झालेला बेसिल ब्राऊन, दोघांच्या प्रयत्नांतून 27 मीटर लांबीच्या जहाजाचा ठसा आणि त्यातले सोने उजेडात आले. कबर बहुधा पूर्व अँग्लियाचा राजा रेडवाल्ड याची. ही हकीगत खरी आहे, पण तिच्यावरून माळ तेरा शतके निजला होता आणि एका सकाळी जागा झाला असा समज होतो. माझ्या मते तो समज चुकीचा आहे. टेकाडाच्या पोटात काय ठेवले हे राजघराण्याने ठरवले असेल, पण त्यातले आपल्यापर्यंत काय पोचणार हे सटनच्या शेतीने, बांधांनी आणि चरांनी ठरवले. म्हणून या जागेचा अभ्यास करताना सोन्याइतकेच लक्ष नांगराच्या खुणांकडे द्यायला हवे.

सगळ्यात बोलका पुरावा पहिल्या टेकाडातच, म्हणजे ते जहाज निघाले त्याच टेकाडात, आहे. सोळाव्या-सतराव्या शतकाच्या सुमारास खजिना शोधणाऱ्यांनी त्याच्या माथ्यावरून खड्डा खणला. त्या काळच्या मातीच्या सुरईचे तुकडे आणि शेकोटीची राख ते मागे टाकून गेले. खड्डा खोल होता, टेकाडाच्या मधोमध होता, तरी खजिन्याची खोली त्यांना सापडली नाही. कारण टेकाडाचा तो ‘मध्य’ खरा नव्हताच. मध्ययुगात शेताची हद्द आखताना आणि जमीन कसताना टेकाडाची पश्चिम बाजू कापली गेली होती. उरलेल्या ढिगाचा मध्य पूर्वेला सरकला आणि चोर तिथेच खणत बसले. कुणा शेतकऱ्याने आपल्या सोयीसाठी केलेल्या कामाने राजाची कबर वाचवली. शेजारच्या दुसऱ्या टेकाडाच्या नशिबी हे नव्हते. 1860 साली इप्सविचच्या वर्तमानपत्रात बातमी आली की इथले एक टेकाड उघडले, त्यात जवळजवळ दोन बुशेल लोखंडी खिळे निघाले आणि ते घोड्यांचे नाल करायला लोहाराकडे पाठवले. ते टेकाड बहुधा हेच. खिळे म्हणजे जहाजाच्या फळ्या जोडणारे रिव्हेट. एक अख्खे जहाज असे भट्टीत गेले.

यावर कुणी म्हणेल, हा निव्वळ योगायोग; योगायोगाला इतिहास कसे म्हणायचे? एकदाच घडले असते तर मीही तसेच म्हटले असते. पण सतराव्या टेकाडाखाली एका तरुणाची तलवारीसह कबर आणि शेजारी वेगळ्या खड्ड्यात त्याचा घोडा असे दोन्ही शाबूत मिळाले, कारण लुटारूंचा खड्डा बरोबर दोहोंच्या मधून गेला होता. शिवाय माणसांनी या माळाचा वापर कधी थांबवलाच नाही. आठव्या ते अकराव्या शतकांत इथे गुन्हेगारांना देहदंड दिला जाई. हाडे वाळूत विरली, पण वाकवलेल्या, बांधलेल्या देहांचे गडद ठसे राहिले. ज्या ठिकाणी राजांना मानाने पुरले, त्याच ठिकाणी पुढच्या राजवटीने फाशीचा खांब उभारला. ख्रिस्ती झालेल्या सत्तेने जुन्या कबरस्तानाला दिलेला हा अर्थ मला जहाजाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पहिल्या टेकाडातल्या वस्तू पाहा: फ्रँकिश प्रदेशातली 37 सोन्याची नाणी, प्रत्येक वेगळ्या टांकसाळीतले, बायझंटाइन सम्राट अनास्तासियसच्या शिक्क्यांचे चांदीचे ताट, आणि दागिन्यांत जडवलेले लाल गार्नेट, ज्यांचा उगम भारत-श्रीलंकेपर्यंत मागे नेला जातो. असल्या कबरीचा सटनच्या शेताशी काय संबंध? वस्तूंच्या प्रवासाबद्दल हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्या ओळखल्या गेल्या त्या तिथल्याच माहितीच्या बळावर. ब्राऊन सफोकच्या मातीत वाढलेला माणूस. 1938 मध्ये दुसऱ्या टेकाडात रिव्हेट मिळाले, तेव्हा 1862 साली जवळच्या स्नेपला निघालेल्या जहाजाचे रिव्हेट पाहायला तो ऑल्डबरोच्या संग्रहालयात गेला. म्हणूनच मे 1939 मध्ये माळी जॉन जेकब्सच्या हाती पहिल्या टेकाडातला गंजका तुकडा लागला, तेव्हा ब्राऊनने घाई केली नाही. लाकूड पार कुजले होते. वाळूवर फक्त फळ्यांचा रंग उरला होता आणि रिव्हेट आपापल्या ओळीत, जागच्या जागी होते. ब्राऊनने एकही न हलवता जहाजाचा आकार मोकळा केला. मालकीचा निकालही 14 ऑगस्ट 1939 रोजी सटनच्याच गावसभागृहात, कोरोनरपुढे ज्युरीने दिला. एवढे मोठे जहाज नदीवरून माळावर ओढून आणायचे तर ते लपूनछपून होणार नाही, तेव्हा हे धन परत काढून घेण्यासाठी दडवलेले नव्हते; म्हणून ते राजसत्तेचे नाही, प्रेटीबाईंचे. बाईंनी सगळे ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकले.

तीन आठवड्यांत युद्ध सुरू झाले. ब्रॅकन नावाचे नेचे पसरून झाकलेल्या, जहाज उघडे केलेल्या त्या खंदकावरून लष्कराची सरावाची वाहने गेली आणि जहाजाच्या ठशाची बरीच नासधूस झाली. या माळाचे पूर्ण चित्र उमगायला 1983 ते 1992 पर्यंतची मार्टिन कार्व्हर यांची मोहीम यावी लागली. त्यांनी टेकाडांच्या मधल्या सपाट जागाही खणल्या, आणि देहदंडाच्या पुष्कळशा कबरी तिथेच मिळाल्या. पुढे 2000 साली नव्या अभ्यागत केंद्राचा पाया खणण्याआधी तिथे सहाव्या शतकातले आणखी एक कबरस्तान निघाले. राजटेकाडांपासून ते थोड्याच अंतरावर आहे. तिथल्या काही पुरुषांजवळ भाले आणि ढाली होत्या, बहुतेकांजवळ रोजच्या वापराच्या वस्तू. म्हणजे राजघराण्याने आपल्या कबरींसाठी ओसाड माळ निवडला नव्हता. तिथल्या कुटुंबांची माणसे एक-दोन पिढ्यांपूर्वीच त्या भागात पुरलेली होती, आणि राजांची टेकाडे त्यांच्या शेजारी उभी राहिली.