शेजारी कोण आहे रे? : न्यूयॉर्कचे कपकेक आणि माझी बिल्डिंग

ज्यांनी एपिसोड ऐकलाय त्यांच्यासाठी, आणि ऑफिसच्या बसमध्ये हेडफोन विसरल्यामुळे आता हे वाचणाऱ्यांसाठीही. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘अ‍ॅक्च्युअली’ काढून टाकलेत, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.

सुरुवात आईच्या एका प्रश्नापासून करतो. कंपनीच्या प्रोजेक्टवर मी न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीमध्ये राहायला गेलो, त्याला तेव्हा सात महिने झाले होते. शनिवार रात्रीचा व्हिडिओ कॉल, म्हणजे सांगलीत रविवारची सकाळ. जेवलास का, थंडी किती आहे, पगार झाला का, हे सगळं झालं. मग तिने विचारलं, “शेजारी कोण आहे रे?”

मी म्हटलं, “कुणास ठाऊक.”

“अरे, रात्री-अपरात्री काही झालं तर दार कुणाचं वाजवशील?”

मी तिला नाइन-वन-वन हा नंबर सांगितला. ती काही हसली नाही.

गंमत बघा, त्याच वेळी माझ्या लॅपटॉपवर एक गुगल शीट उघडी होती. न्यूयॉर्क परिसरातल्या नऊ बेकऱ्या, प्रत्येकीचा व्हॅनिला कपकेक, किंमत, ओलावा, क्रीमचा गोडवा, दहापैकी गुण. नदीपलीकडच्या शहरातल्या नऊ दुकानांची मला खडान्‌खडा माहिती होती आणि समोरच्या दाराआड कोण राहतं हे माहीत नव्हतं. आजचा एपिसोड या दोन्ही गोष्टींबद्दल आहे.

कप कशाचा?

आधी नावाचं बघू. कपकेकमधला कप दोन प्रकारे सांगतात. एक म्हणजे कपात भाजलेला केक. १७९६ साली अमेलिया सिमन्स या बाईंचं ‘अमेरिकन कुकरी’ हे पुस्तक आलं. छोट्या कपांमध्ये भाजायच्या हलक्या केकची कृती त्यात आहे. दुसरा अर्थ कपाने मोजून केलेला केक. १८२८ मध्ये एलायझा लेस्ली यांच्या पुस्तकात ‘कप केक’ हे नाव येतं, ते मापाच्या अर्थाने. घरात वजनकाटा नसला तरी कप असतोच. एक कप लोणी, दोन कप साखर, तीन कप मैदा, चार अंडी, झालं! लक्षात ठेवायला इतकं सोपं की त्याला ‘वन-टू-थ्री-फोर केक’च म्हणायचे.

आपल्याला यात नवीन काही वाटायला नको. आपली सात कप बर्फी दुसरं काय आहे?

छोट्या केकचा खरा फायदा मात्र वेळेचा होता. मोठा केक भाजायला आणि गार व्हायला फार वेळ लागतो. छोटे केक वीसेक मिनिटांत होतात. एका माणसाला एक दिला की सुरीही लागत नाही.

एका दुकानाचे फोर्क

हा घरगुती पदार्थ जगभर फॅशनमध्ये आला त्यात मॅनहॅटनच्या वेस्ट व्हिलेजमधल्या एका कोपऱ्यावरच्या दुकानाचा मोठा वाटा आहे. ब्लीकर स्ट्रीटवर १९९६ मध्ये अ‍ॅलिसा टोरी आणि जेनिफर अ‍ॅपल या दोघींनी मॅग्नोलिया बेकरी सुरू केली. कपकेक हा तिथला मुख्य माल नव्हता. मोठ्या केकचं उरलेलं मिश्रण वाया जाऊ नये म्हणून ते सुरू झाले, असं सांगितलं जातं. २००० साली ‘सेक्स अँड द सिटी’ मालिकेतल्या एका प्रसंगात दोन मैत्रिणी या दुकानाबाहेर बसून गुलाबी क्रीमचा कपकेक खाताना दिसल्या आणि मग रांगच लागली. पर्यटकांच्या सहली यायला लागल्या, दुकानाला ‘एका गिऱ्हाइकाला बाराच’ असा नियमही करावा लागला.

मालकिणी तोवर वेगळ्या झाल्या होत्या. अ‍ॅपल यांनी १९९९ मध्ये बटरकप नावाची स्वतःची बेकरी काढली. पुढे २००३ मध्ये चेल्सीत बिलीज बेकरी आली, तिच्या सुरुवातीलाही मॅग्नोलियात काम केलेलं माणूस होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर मूळ रेपो एक आणि त्याचे फोर्क गावभर. म्हणून या दुकानांत चवीचं घराणं जाणवतं. तेच मऊ लोणी, तीच पिठीसाखर, सुरीने फिरवलेला तोच भोवरा.

मग ही लाट ओसरली कशी? क्रम्ब्स नावाची साखळी २००३ मध्ये अप्पर वेस्ट साइडला सुरू झाली. २०११ मध्ये तिचे शेअर नॅसडॅकवर आले आणि २०१४ च्या जुलैमध्ये कंपनीने सगळी दुकानं बंद करत असल्याचं जाहीर केलं. कारण समजायला एमबीए लागत नाही. मॅनहॅटनमधलं भाडं, त्यात मुख्यतः एकाच पदार्थावर उभा धंदा, आणि तो पदार्थ कुणालाही घरी करता येण्यासारखा. आमच्याकडे याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात. मॅग्नोलियाकडे मात्र बनाना पुडिंगही होतं, आज अनेक जण तेच घ्यायला जातात. तुम्ही बंगळुरूला असाल तर इंदिरानगरमध्ये २०१९ पासून तिची शाखा आहे, विमानाचं तिकीट वाचेल.

चाखायचं कसं

आता उपयोगाचं. नऊ बेकऱ्यांच्या शीटमधून शिकलेल्या गोष्टी.

एक, पहिल्यांदा साधा व्हॅनिलाच घ्या. चॉकलेट आणि कॅरामलखाली कोरडा केक लपतो, व्हॅनिलात लपत नाही.

दोन, काचेच्या थंडगार कपाटातून काढलेला कपकेक लगेच खाऊ नका. क्रीममध्ये लोणी असतं, ते थंडीत घट्ट होऊन मेणासारखं लागतं. अर्धा तास बाहेर ठेवा. उरलेला फ्रिजमध्ये टाकलात तर केक कडक होतो, कारण भाजलेल्या पिठातला स्टार्च थंडीत लवकर शिळा पडतो. सकाळची पोळी फ्रिजमध्ये ठेवून बघा, तेच होतं.

तीन, नाकाला क्रीम लावून न घेता खायचं असेल तर केकचा खालचा अर्धा भाग तोडून वर झाकणासारखा ठेवा. क्रीम मधे जातं आणि सँडविच तयार होतं.

चार, अंडं न खाणाऱ्यांसाठी. ‘एगलेस’ हा शब्द आपल्याकडे प्रत्येक केकवाल्याला कळतो, तिथल्या काउंटरवर तो पटकन कळत नाही. ‘व्हीगन’ विचारा, त्यात अंडंही नसतं आणि दूधही नसतं. लोअर ईस्ट साइडला एरिन मॅकेनाज बेकरी २००५ पासून तसेच पदार्थ करते, आधी तिचं नाव बेबीकेक्स होतं. माझ्या टीममधली एक मैत्रीण अमेरिकेत आल्यावर पहिल्यांदा बिनधास्त केक खाऊ शकली ती तिथे.

पाच, पैसे. एक कपकेक साधारण चार-पाच डॉलरचा. ‘फॉर हिअर ऑर टू गो?’ हा प्रश्न आला की नीट ऐका. न्यूयॉर्कमध्ये गरम न केलेला बेकरीचा माल घेऊन गेलात तर सेल्स टॅक्स नाही, दुकानात बसून खाल्लात तर ८.८७५ टक्के लागतो. मग काउंटरवरची स्क्रीन तुमच्याकडे वळते आणि टिप विचारते, १८, २० की २५ टक्के? टेबलावर वाढणाऱ्या हॉटेलात टिप द्यावीच लागते असं समजा. काउंटरवर ‘नो टिप’ दाबलं तर कुणी काही म्हणत नाही. मला ते बटण दाबायला तीन महिने लागले.

बाकडं

घेऊन जायचं म्हणजे बसायचं कुठे? पाथ ट्रेनने हडसन नदीच्या खालून जाऊन ख्रिस्तोफर स्ट्रीटला उतरलो आणि पहिल्यांदा मॅग्नोलियाचा डबा हातात आला, तेव्हा समोरच मुलांचं प्लेग्राउंड दिसलं. फाटकाला हात लावला आणि पाटी वाचली. मोठ्यांना लहान मुलाबरोबरच प्रवेश. न्यूयॉर्कच्या प्लेग्राउंड्समध्ये हा नियम आहे. सत्तावीस वर्षांचा घोडा, हातात गुलाबी कपकेक, बरोबर मूल नाही. एका आजोबांनी बाहेरच्या बाकड्यांकडे बोट दाखवलं, ती सगळ्यांसाठी होती.

पुढच्या प्रत्येक शनिवारी मी अशाच बाकड्यांवर बसलो आणि बाकड्यावरून गल्ली कळते. कुत्रा फिरवणारे एकमेकांच्या कुत्र्यांची नावं घेतात. दुकानात शिरणाऱ्याला आतली मुलगी ‘नेहमीचंच?’ म्हणते. घराच्या पायऱ्यांवर कुणी कॉफी घेऊन बसलेलं असतं, येणारा-जाणारा तिथे थांबतो. आपल्या कट्ट्यासारखंच सगळं. फरक एवढाच की मी त्यांच्यातला नव्हतो. पाहणारा होतो.

आणि मी दर वेळी एकच कपकेक घेत होतो. काउंटरवर सहांचे आणि बारांचे डबे रचलेले असायचे. एकासाठी केलेला पदार्थ लोक डझनाने नेत होते, म्हणजे कुठेतरी माणसं होती. हे मला आईच्या त्या कॉलनंतर दिसलं.

सहाचा डबा

पुढच्या शनिवारी मी सहा घेतले. पण अमेरिकेत न सांगता कुणाचं दार वाजवायची पद्धत नाही, म्हणून डबा घेऊन तळघरातल्या लाँड्री रूममध्ये गेलो. ड्रायर पाऊण तास चालतो, तेवढा वेळ लोक तिथेच असतात. एक आजी चादरीच्या घड्या घालत होत्या. मी डबा पुढे केला. त्यांनी विचारलं, वाढदिवस आहे का? मी खरं ते सांगितलं. “आईने विचारलंय, शेजारी कोण आहे.”

त्या इतक्या हसल्या की चादर खाली पडली. मूळच्या फिलिपिन्सच्या, जर्सी सिटीत फिलिपिनो मंडळी खूप आहेत. आमच्याच मजल्यावर, दोन दारं सोडून. त्यांनी चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि आम्ही घडी घातली.

आठवड्याने माझ्या दाराच्या मुठीला पिशवी अडकवलेली. आत तोच सहाचा डबा, भरलेला. पुतो, म्हणजे वाफवलेले तांदळाचे गोडसर केक, छोट्या वाट्यांच्या आकाराचे. आपल्याकडे शेजारचा डबा रिकामा परत करत नाहीत. तो डबा हातात घेऊन मी दारातच उभा राहिलो थोडा वेळ.

जानेवारीत रात्री साडेअकराला कचरा टाकायला खाली गेलो आणि दार मागे आपोआप लॉक झालं. फोन आत, चावी आत, पायात स्लिपर, बाहेर बर्फ. मी दोन दारं सोडून पुढे गेलो आणि वाजवलं. आजींनी उघडलं, बिल्डिंगच्या सुपरला म्हणजे देखभालीच्या माणसाला फोन लावला. तो यायला दीड तास लागला. तेवढा वेळ मी त्यांच्या स्वयंपाकघरात सूप पीत बसलो होतो.

शनिवारी आईला सगळं सांगितलं. मला वाटलं ती घाबरेल. ती म्हणाली, “मग त्यांच्या डब्यातून तू काय दिलंस परत?”

मी गप्प. डबा अजून माझ्याकडेच होता, रिकामा, फ्रिजवर.

“वही घे,” ती म्हणाली. “एक कप बेसन, एक कप खोबरं, एक कप दूध, एक कप तूप आणि तीन कप साखर. सातही कप एकाच मापाचे घे. आणि कढई जाड बुडाची आहे का, ते आधी बघ.”

कढई नव्हती. ती आजींकडून आणली.

तर मंडळी, तुम्ही परगावी, परदेशात कुठेही असाल तर आज एवढंच करा. दोन दारं सोडून कोण राहतं ते शोधा आणि कसं शोधलंत ते व्हॉइस नोटवर पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.