रंगमंचावरील नमन

तिसरी घंटा होते, प्रेक्षागृहातील दिवे मंदावतात आणि पडद्यामागून एक धीरगंभीर स्वर ऐकू येतो. रंगदेवतेला आणि रसिक प्रेक्षकांना विनम्र अभिवादन करून अमुक संस्था अमुक नाटक सहर्ष सादर करीत आहे! मुंबई असो, पणजी असो वा बहारीनमधील एखाद्या मंडळाचा हौशी प्रयोग असो, मराठी नाटकाचा प्रारंभ बहुधा याच वाक्याने होतो. ऐकून ऐकून कान इतके सरावले आहेत की त्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. वास्तविक त्या एका वाक्यात दोन नमस्कार आहेत. एक देवतेला आणि दुसरा माणसांना. देव आणि तिकीट काढून आलेला मनुष्य यांना एका दमात वंदन करण्याचे धैर्य रंगभूमीला एका दिवसात आलेले नाही.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात नाटकापूर्वीच्या पूर्वरंगाचा विस्तृत विधी सांगितला आहे. रंगपूजा व्हावी, नांदी म्हटली जावी, मगच पात्रांनी बोलावे. इ. स. १८४३ च्या नोव्हेंबरात सांगली येथे विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेव्हाही सूत्रधाराच्या मंगलाचरणानंतर प्रथम गजानन अवतरत असे व त्यामागून सरस्वती नृत्य करीत येई. नमन देवाला होते. आणि समोर आश्रयदाते श्रीमंत चिंतामणराव पटवर्धन बसलेले असल्यामुळे ते अर्थातच राजालाही होते. श्रीमंतांच्या निधनानंतर भाव्यांची मंडळी गावोगाव फिरू लागली आणि १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून त्यांचे प्रयोग झाले. तिकिटाला किंमत पडली आणि राजाची जागा परक्या, अनोळखी लोकांनी घेतली. नमस्काराची दिशा बदलली ती येथे.

या बदललेल्या दिशेचे सर्वांत हृद्य रूप म्हणजे बालगंधर्व. प्रेक्षकांना ते 'मायबाप' म्हणत. ही केवळ तोंडदेखली गोड भाषा होती असे कोणास वाटल्यास त्याने १९११ सालच्या 'मानापमाना'च्या पहिल्या प्रयोगाचा दिवस आठवावा. त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी वारली होती. प्रयोग पुढे ढकलावा अशी सूचना झाली. तथापि लोक जमणार, त्यांचा विरस होऊ नये म्हणून ते भामिनीच्या वेषात उभे राहिले. अशा कर्तव्यबुद्धीचे कौतुक करावे की तिच्यातील कठोरतेने व्यथित व्हावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

तमाशाने 'मुजरा' हा शब्द दरबारातून उचलला. लावणी गाणारी स्त्री घुंगरू पायांत बांधण्यापूर्वी कपाळाला लावते आणि मग रसिकांपुढे लवते. ज्यांनी तिचा मुजरा स्वीकारला त्यांतील कितीजणांनी तिला आपल्या घराचा उंबरठा ओलांडू दिला? नमस्कार घेणाऱ्याकडेही काही देणे लागते, याचा विसर आपल्या समाजाला पुष्कळ काळ पडला होता.

परंतु नमनाचा खरा ठेवा आहे तो कोकणात. रत्नागिरीकडील शिमग्यातील खेळ्यांच्या साऱ्या प्रयोगालाच 'नमन' असे नाव आहे! मृदंगावर थाप पडते आणि गण, गवळण, सोंगे यांच्याआधी देवदेवतांना वंदन होते. जगात असे लोकनाट्य क्वचितच असेल की ज्याचे नावच नमस्कार आहे. याच मुलखातील जाखडी गोल फेर धरून नाचली जाते. १८३४ पासून गिरमिटाखाली मॉरिशसला मजूर जाऊ लागले. पुढे त्यांत जी कोकणी मराठी माणसे गेली, त्यांच्या गाठोड्यात ही जाखडी होती. तेथे ती 'झाकरी' झाली आणि गणेशोत्सवात आजही घुमते. उसाच्या मळ्यात त्या माणसांना गोऱ्या साहेबापुढे आणि सरदारापुढे वाकावेच लागे. त्या वाकण्यात त्यांची इच्छा कोणी विचारली नव्हती. रात्री फेरात उभे राहून गजाननापुढे ते लवत, तेव्हा ते लवणे मात्र त्यांचे स्वतःचे होते. ज्यांचे पणजोबा त्या फेरात नाचले, त्यांना हा भेद पुस्तकातून शिकावा लागणार नाही.

बहारीनच्या मातीतही असा एक फेर आहे. मोती काढणाऱ्या खलाशांची 'फिजिरी' ही गीतपरंपरा २०२१ साली युनेस्कोच्या वारसासूचीत समाविष्ट झाली. गायक-वादक वर्तुळात बसतात. ढोल वाजतात, बोटांतील झांजा किणकिणतात, मातीचा घडाही वाद्य बनतो, आणि मुख्य गायक व नर्तक मध्यभागी असतात. वर्तुळाला दर्शनी बाजू नसते. म्हणून सर्वांनी एका ओळीत उभे राहून एका दिशेला वाकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. समुद्रावर ते गाणे गाणाऱ्याला तरी प्रेक्षक कोण होता? दोर ओढणारा शेजारी आणि पाण्याखाली गेलेला पाणबुड्या! मनामा येथे २०१२ साली उघडलेल्या राष्ट्रीय नाट्यगृहात एक हजार एक आसने आहेत. तेथे दर्शनी बाजू आहे, आणि म्हणून अखेरचे अभिवादनही आहे. या देशातील कित्येकजण कमरेतून वाकण्याऐवजी उजवा हात छातीवर ठेवून किंचित मान लववितात. तेही नमनच होय.

प्रयोगानंतर सर्व नटांनी एका रांगेत येऊन वंदन करण्याची रीत आपण पाश्चात्त्यांकडून घेतली. आपली जुनी चाल आधी नमन करण्याची. घेतलेली रीत वाईट नव्हे. परंतु तिच्यात एक उणीव राहते. रांगेत रंगवलेले चेहरेच दिसतात. आडोशाला बसून विसरलेली वाक्ये पुरविणारा, पडदा ओढणारा, ज्याने दुपारपासून खिळे ठोकले तो, आणि जिने घरची पैठणी राणीच्या वेषासाठी दिली ती माउली, हे अंधारातच राहतात. गणेशोत्सवातील मुलांची नाटुकली पाहावीत. हात अर्धवट जोडून, आई कोठे बसली आहे हे डोळ्यांनी शोधीत मुले पळ काढतात. त्यांना एवढेच सांगावे की घाई करू नये, क्षणभर थांबावे. पडदा ओढणाऱ्या काकांना हाताला धरून उजेडात आणावे आणि मग सर्वांनी मिळून वाकावे. काका लाजतील, शर्टाला हात पुसतील, नको नको म्हणतील. तरी त्यांना सोडू नये.