चक्रधारी नांगर

बर्फाशी झुंजण्याचा रेल्वेचा पहिला उपाय म्हणजे पाचरीच्या आकाराचा लोखंडी नांगर. त्याच्या पाठीशी दोन-चार इंजिने जोडावीत, ती दूर मागे न्यावीत आणि मग भरधाव येऊन ढिगाऱ्यावर धडक मारावी, असा तो सरळसोट मामला होता. उघड्या मैदानात तो निभावून जाई. परंतु डोंगर फोडून काढलेल्या अरुंद वाटेत, जेथे दोहों बाजूंस दरडी उभ्या आणि बर्फाला सरकावयास जागाच नाही, तेथे नांगर जितक्या आवेशाने घुसे तितका बर्फ त्याच्यापुढे घट्ट दाबला जाई, आणि अखेरीस तो रुतून तरी बसे किंवा रुळांवरून तरी घसरे. मग फावडेवाल्या मजुरांच्या टोळ्यांवाचून गत्यंतर नसे.

बर्फ ढकलण्याऐवजी कापून दूर भिरकावावा, ही युक्ती सुचली टोरांटोच्या जे. डब्ल्यू. एलियट या दंतवैद्याला. 1869 साली त्याने पेटंट घेतले, पण यंत्र कागदावरच राहिले. पुढे ऑरेंज जल नामक गिरणीमालकाने त्या कल्पनेचा विस्तार केला, टोरांटोच्या लेस्ली बंधूंनी 1883-84 च्या सुमारास पहिला नमुना घडवला, आणि लवकरच न्यू जर्सीतील पॅटर्सन येथल्या कुक कारखान्यातून ‘रोटरी’ बाहेर पडू लागल्या.

रोटरीच्या तोंडाशी पुरुषभर उंचीहून मोठे पात्यांचे चक्र असते. पाती बर्फाचे काप काढून आत ओढतात, आणि चक्राच्याच वेगाने तो बर्फ वरच्या धुराड्यासारख्या तोंडातून कमानीने बाहेर फेकला जातो. दरी ज्या अंगाला, त्या अंगाला फेक वळवता यावी म्हणून चक्र उलटसुलट फिरवता येते, व त्याबरोबर पात्यांची धारही पालटते. नवल असे की, जुन्या रोटरीचा बाष्पक केवळ हे चक्र फिरवण्यासाठीच राबे. तिला स्वतःहून पाऊलभरही पुढे जाता येत नसे. आपल्या कसारा घाटात गाडीमागे बँकर, म्हणजे मागून रेटणारी जादा इंजिने, लावतात, तशी तिच्यामागे इंजिने लावावी लागत, आणि पुढे बसलेला नाखवा शिट्टीच्या ठरावीक इशाऱ्यांनी मागच्या चालकांना ‘चला’, ‘थांबा’, ‘मागे घ्या’ असे हुकूम सोडी. चाल माणसाच्या पावलांइतकीच बेताची. कारण घाई केली तर चक्र तुंबे आणि रोटरीचीही गत पाचरीच्या नांगरासारखीच होई.

तिचे खरे वैर मात्र निर्भेळ बर्फाशी नसून हिमस्खलनाशी आहे. कड्यावरून कोसळणारे हिम येताना वृक्ष आणि पाषाण घेऊन येते, आणि एखादा ओंडका पात्यांत अडकला की सारा सरंजाम जागच्या जागी बंद पडतो. म्हणून असे ढिगारे उपसताना यंत्राच्या दिमतीला माणसे खाली उतरवावी लागत. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या रॉजर्स खिंडीत 4 मार्च 1910 च्या रात्री अशीच एक टोळी आधीच्या स्खलनाचा ढीग कापून काढलेल्या चरात ओंडके उपसत असता समोरच्या डोंगरावरून दुसरे स्खलन कोसळले. रोटरी आणि इंजिन खेळण्यासारखी फेकली गेली व 58 माणसे प्राणांस मुकली. त्यांत 32 जपानी मजूर होते. कंपनीने अखेर डोंगराच्या पोटातून सुमारे 8 किलोमीटर लांबीचा कॉनॉट बोगदा खणला, आणि 1916 पासून गाड्या त्या खिंडीवरून जाईनाशा झाल्या.

कॅलिफोर्नियातील डॉनर घाटात मात्र रोटरीची सद्दी संपली नाही. तेथे रोजचा बर्फ साधे नांगरच हटवतात. डिझेल इंजिनाच्या विजेवर चक्र फिरवणाऱ्या रोटरी कित्येक हिवाळे नुसत्या उभ्या राहतात, आणि 2017 च्या फेब्रुवारीसारखा एखादा महिना आला म्हणजेच त्यांना बाहेर काढतात. जमाखर्चाच्या वहीत हा निव्वळ तोटा दिसेल; तथापि 1952 च्या जानेवारीत त्याच घाटात प्रवासी गाडीतील 226 माणसे तीन दिवस बर्फात अडकली आणि त्यांच्या सुटकेस धावलेल्या रोटरीही रुतल्या, हे ज्या कारभाऱ्यांनी जाणले, त्यांना अशी यंत्रे सदैव सज्ज ठेवण्याचा खर्च जड वाटू नये, हेच उचित होय.