स्तनवर्धनानंतरची फेरशस्त्रक्रिया : निर्णय घेण्यापूर्वी

स्तनवर्धनाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीसमोर काही वर्षांनी एक प्रश्न उभा राहण्याची शक्यता असते. आत बसवलेले इम्प्लांट तसेच ठेवावे, बदलून घ्यावे की काढून टाकावे? कधी दुखणे हे त्याचे निमित्त असते, कधी आकारातील बदल, तर कधी ऐकीव बातमीने मनात शिरलेली भीती. या तिन्ही निमित्तांना एकच उपाय लागू पडत नाही. त्रासाचे कारण नेमके ठरल्याशिवाय शस्त्रक्रिया ठरवू नये, हे या पत्रकाचे मुख्य सांगणे आहे.

इम्प्लांट हे आयुष्यभराचे साधन नाही

सिलिकॉनचे पहिले स्तन इम्प्लांट १९६२ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे बसवण्यात आले. आज वापरात असलेल्या इम्प्लांटचे बाह्य कवच सिलिकॉनचे असते आणि आत सिलिकॉन जेल किंवा मिठाचे निर्जंतुक पाणी असते. दोन्ही प्रकारांना काळाच्या मर्यादा आहेत. अमेरिकेतील उत्पादकांनी तेथील औषध प्रशासनाला सादर केलेल्या दहा वर्षांच्या अभ्यासांत, प्रथमच स्तनवर्धन केलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २५ ते ३६ टक्के स्त्रियांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. ज्यांनी आधीचे इम्प्लांट बदलून नवे बसवून घेतले होते, त्यांच्यात हेच प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक होते. याचा अर्थ दुसरी शस्त्रक्रिया तिसरीची शक्यता वाढवते. म्हणूनच ती विचारपूर्वक ठरवावी.

मात्र ‘दहा वर्षे झाली म्हणून इम्प्लांट बदललेच पाहिजे’ ही समजूत बरोबर नाही. त्रास नसेल आणि तपासणीत दोष आढळत नसेल, तर केवळ वर्षे मोजून शस्त्रक्रिया करण्याची गरज नसते.

विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे अशी लक्षणे

• ताप, स्तनावर लाली व उष्णता, जखमेतून स्राव किंवा पू.
• शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत एकाच बाजूला अचानक वाढलेली, ताणलेली, वेदनादायक सूज.
• जखम उघडणे, त्वचा अतिशय पातळ होणे किंवा इम्प्लांट दिसू लागणे.
• शस्त्रक्रियेला एक वर्ष उलटल्यानंतर एका स्तनात नव्याने आलेली सूज, गाठ किंवा काखेतील गाठ.

यांतील शेवटचे लक्षण विशेष लक्षात ठेवावे. इम्प्लांटभोवतीच्या आवरणात क्वचित एक प्रकारचा लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग, उद्भवतो. तो प्रामुख्याने खडबडीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी संबंधित असून बहुधा शस्त्रक्रियेनंतर सरासरी आठ ते दहा वर्षांनी, इम्प्लांटभोवती पाणी साचून प्रकट होतो. अशा वेळी आधी सोनोग्राफी करून ते पाणी सुईने काढावे आणि सीडी-३० चाचणीसह पेशींच्या तपासणीसाठी पाठवावे लागते. ही तपासणी न करता थेट इम्प्लांट बदलणे योग्य नाही. वेळीच निदान झाल्यास, इम्प्लांट आणि त्याभोवतीचे संपूर्ण आवरण काढल्यावर बहुतेक स्त्रिया बऱ्या होतात.

याच कारणास्तव जुलै २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीने ‘बायोसेल’ पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून परत मागवली. तथापि ज्यांना कोणतेही लक्षण नाही त्यांनी केवळ प्रतिबंध म्हणून ती काढावीत, असा सल्ला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दिलेला नाही. शस्त्रक्रियेचा धोका निश्चित असतो आणि या आजाराची शक्यता अल्प असते, हा त्यामागील विचार आहे.

कोणत्या कारणासाठी फेरशस्त्रक्रिया करतात

आवरण आकसणे. शरीर कोणत्याही परक्या वस्तूभोवती तंतुमय आवरण तयार करते. ते आकसले की स्तन घट्ट होतो. बेकर पद्धतीनुसार याच्या चार पायऱ्या मानतात. पहिल्या पायरीत स्तन मऊ व नैसर्गिक असतो, दुसरीत किंचित घट्ट, तिसरीत घट्ट व आकार बिघडलेला, तर चौथीत याखेरीज वेदनाही असतात. पहिल्या दोन पायऱ्यांत सहसा निरीक्षण पुरते. तिसऱ्या व चौथ्या पायरीत शस्त्रक्रियेचा विचार करावा.

इम्प्लांट फुटणे. मिठाच्या पाण्याचे इम्प्लांट फुटले तर स्तन काही दिवसांतच लहान दिसू लागतो. सिलिकॉन जेलचे इम्प्लांट मात्र कोणतीही खूण न दाखवता फुटू शकते. त्यामुळे सिलिकॉन इम्प्लांट असलेल्या स्त्रीने शस्त्रक्रियेनंतर पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करून घ्यावा, अशी शिफारस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने केली आहे. सोनोग्राफीत संशय आल्यास एमआरआय करून खात्री करावी. फुटलेले इम्प्लांट सामान्यतः काढण्याचा सल्ला दिला जातो, पण ती बहुधा तातडीची शस्त्रक्रिया नसते.

जागा व आकार बदलणे. गर्भारपण, स्तनपान, वजनातील चढउतार आणि वय यांमुळे स्तनाचा आकार बदलतोच. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर ऊती स्थिर होण्यास काही महिने लागतात. म्हणून संसर्ग किंवा रक्त साचणे यांसारखी गुंतागुंत नसेल, तर केवळ आकाराच्या कारणासाठी सहा महिने ते एक वर्ष थांबावे. स्तनपान बंद केल्यावरही काही महिने जाऊ द्यावेत.

थकवा, सांधेदुखी, विस्मरण अशा तक्रारी. काही स्त्रिया या तक्रारींचा संबंध इम्प्लांटशी जोडतात. तक्रारी खऱ्या असतात. त्यांचे कारण इम्प्लांटच आहे हे सिद्ध करणारी चाचणी मात्र आज उपलब्ध नाही. इम्प्लांट काढल्यावर काही जणींना आराम वाटतो, काहींना वाटत नाही. म्हणून थायरॉइड, रक्तक्षय, मधुमेह, संधिवात आणि नैराश्य यांची तपासणी प्रथम करून घ्यावी.

एकाच इम्प्लांटबाबत दोन देशांचे दोन सल्ले

फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने वैद्यकीय दर्जाच्या ऐवजी औद्योगिक सिलिकॉन वापरल्याचे २०१० मध्ये उघडकीस आले. डिसेंबर २०११ मध्ये फ्रान्सच्या सरकारने ही इम्प्लांट त्रास नसला तरी काढून घेण्याची शिफारस केली. ब्रिटनच्या तज्ज्ञ समितीने २०१२ मध्ये निष्कर्ष काढला की ही इम्प्लांट इतरांपेक्षा दोन ते सहा पट अधिक प्रमाणात फुटतात, परंतु त्यांमुळे दीर्घकालीन आजार होत असल्याचे आढळत नाही. त्रास नसलेल्या प्रत्येक स्त्रीने ती काढलीच पाहिजेत, असे तेथे सांगितले गेले नाही. पुरावा सारखाच असूनही निर्णय वेगळा होऊ शकतो, तो असा. आपले इम्प्लांट कोणते, हे ज्या स्त्रियांना ठाऊक होते त्यांनाच या सल्ल्यांचा उपयोग झाला, ही त्यातील महत्त्वाची शिकवण होय.

प्रथम कागदपत्रे मिळवावीत

शस्त्रक्रिया एका शहरात आणि वास्तव्य दुसरीकडे, ही परिस्थिती आता सामान्य आहे. मुंबईत किंवा पुण्यात शस्त्रक्रिया झालेली एखादी मराठी स्त्री कुटुंबाच्या नोकरीनिमित्त राजस्थानात, जयपूर-अजमेर महामार्गावरील बगरूच्या औद्योगिक वसाहतीजवळ राहू लागली, असे समजू. जयपूर तेथून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. तेथील सवाई मानसिंह रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग आहे, त्यामुळे सल्ल्यासाठी मूळ शहरी परतणे अपरिहार्य नसते. परंतु नव्या डॉक्टरांना तिच्या शरीरात काय आहे हे कागदांवरूनच कळणार.

इम्प्लांटसोबत मिळणाऱ्या कार्डावर कंपनी, प्रकार, आकारमान व अनुक्रमांक नोंदलेला असतो. कार्ड हरवले असल्यास मूळ रुग्णालयाकडे लेखी मागणी करावी. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत रुग्णाला नोंदी देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मात्र आंतररुग्णांच्या नोंदी जपण्याचे बंधन उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षांचे आहे. म्हणून गरज पडेपर्यंत थांबू नये. कार्डाचे छायाचित्र, डिस्चार्ज सारांश आणि शस्त्रक्रियेची टिपणे आजच जपून ठेवावीत.

पर्याय किती व कोणते

१. काहीही न करता ठरावीक काळाने तपासणी करणे.
२. इम्प्लांट काढून नवे बसवणे. गरजेनुसार आवरणही काढणे किंवा जागा बदलणे.
३. इम्प्लांट कायमचे काढून टाकणे. यानंतर त्वचा सैल पडू शकते व स्तन पूर्वीपेक्षा चपटा दिसू शकतो.
४. इम्प्लांट काढून स्तन उचलून घेण्याची शस्त्रक्रिया करणे. यात व्रण अधिक राहतात.

आवरण प्रत्येक वेळी संपूर्ण काढण्याची गरज नसते. ते छातीच्या पिंजऱ्याला चिकटलेले असल्यास काढताना रक्तस्राव होण्याची आणि क्वचित फुप्फुसाच्या आवरणाला इजा होण्याची शक्यता असते. कर्करोगाचा संशय असल्यास मात्र ते पूर्ण काढावेच लागते.

फेरशस्त्रक्रियेत भूल, रक्तस्राव, संसर्ग, संवेदना कमी होणे आणि दोन्ही बाजूंत फरक राहणे हे धोके असतात. पहिल्या वेळचे व्रण व पातळ झालेल्या ऊती यांमुळे काम अधिक अवघड होते. विडी, सिगारेट, मिश्री, गुटखा किंवा कोणत्याही रूपातील तंबाखू शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधीपासून व नंतरही तितकेच दिवस पूर्ण बंद ठेवावी. निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि जखम भरण्यास अडथळा आणते. रक्त पातळ करणारी औषधे स्वतःहून थांबवू नयेत, डॉक्टरांना विचारावे.

विश्रांतीचा विचारही आधीच करावा. साधारण चार ते सहा आठवडे जड वजन उचलणे व हातावर जोर देणे टाळावे लागते. बगरू ठशांच्या कापडछपाईसाठी प्रसिद्ध आहे. लाकडी ठशावर मुठीने वारंवार ठोसा देणे, ओले कापड उचलून उन्हात पसरणे, या दोन्ही कामांत छातीचे व खांद्याचे स्नायू राबतात. इम्प्लांट स्नायूच्या खाली असेल तर हा ताण अधिक जाणवतो. घरकाम, शेती किंवा कारखान्यातील काम करणाऱ्या स्त्रीनेही आपल्या कामाचे नेमके स्वरूप डॉक्टरांना सांगावे आणि किती दिवस मदत लागेल याची तजवीज करावी.

डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न

• माझ्या त्रासाचे नेमके कारण काय, आणि ते कोणत्या तपासणीवरून ठरले?
• काहीच केले नाही तर पुढील एका वर्षात काय होण्याची शक्यता आहे?
• आपण अशा किती फेरशस्त्रक्रिया केल्या आहेत?
• नवे इम्प्लांट न बसवता कसा परिणाम दिसेल?
• पुन्हा शस्त्रक्रिया लागल्यास तिचा खर्च कोण करणार?

शल्यचिकित्सकाकडे प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा समकक्ष पदवी आणि राज्य वैद्यक परिषदेची नोंदणी आहे याची खात्री करावी. ‘आजच नाव नोंदवल्यास सवलत’ अशा आग्रहाला बळी पडू नये. शक्य असल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे.

खर्च, संमती व हक्क

केवळ सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आयुष्मान भारत योजनेत समाविष्ट नाही. खासगी आरोग्य विम्यातही ती सहसा वगळलेली असते. मात्र अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना, तसेच आरोग्याला थेट व तात्काळ असलेला धोका दूर करण्यासाठी लागणारी शस्त्रक्रिया या वगळणुकीत मोडत नाही. म्हणून वैद्यकीय कारण डॉक्टरांकडून लेखी स्वरूपात घ्यावे.

सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती कायद्याने पुरेशी आहे. पतीची किंवा सासरच्यांची स्वाक्षरी तिची जागा घेऊ शकत नाही. एका शस्त्रक्रियेसाठी दिलेली संमती जीव वाचवण्यासाठी आवश्यक नसलेल्या दुसऱ्या शस्त्रक्रियेला लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले आहे. आपल्याला केवळ इम्प्लांट काढायचे असेल व नवे नको असेल, तर तसे संमतिपत्रात स्पष्ट लिहून घ्यावे.

इम्प्लांटमुळे दुष्परिणाम झाल्यास त्याची नोंद भारताच्या मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे करता येते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाचे काम गाझियाबाद येथील इंडियन फार्माकोपिया कमिशन पाहते. निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १८००-१८०-३०२४ असा आहे. अशा नोंदींमधूनच सदोष उत्पादने लक्षात येतात.

मनाचाही विचार व्हावा

शस्त्रक्रिया चांगली होऊनही आरशातील प्रतिमेबद्दलचे असमाधान सतत टोचत राहत असेल, त्यामुळे झोप, काम किंवा नातेसंबंध बिघडत असतील, तर आणखी एका शस्त्रक्रियेने ते दूर होईलच असे नाही. अशा वेळी समुपदेशनाची मदत घ्यावी. टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

इम्प्लांट असलेल्या स्त्रीनेही स्तनांच्या कर्करोगाची नियमित तपासणी चालू ठेवावी. मॅमोग्राफीपूर्वी तंत्रज्ञाला इम्प्लांटची कल्पना द्यावी, म्हणजे विशेष कोनांतून छायाचित्रे घेतली जातात. वर सांगितलेल्या तातडीच्या लक्षणांपैकी एकही नसेल, तर आपल्याजवळ वेळ आहे असे समजावे. त्या वेळात कागदपत्रे गोळा करावीत, तपासणी करून घ्यावी, दोन तज्ज्ञांची मते ऐकावीत आणि मगच निर्णय घ्यावा.